अमेरिकन भयपट-दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचा तुमचा सर्वांत आवडता चित्रपट कोणता? मी 'हॅलोवीन' पाहिला, पण मला तो संथ वाटला. चाहते एवढे भारावलेले का असतात?

माझं उत्तर 'द थिंग', १९८२ चा. पण आधी 'हॅलोवीन'बद्दल बोलायला हवं, कारण ज्या गोष्टीमुळे तो तुम्हाला संथ वाटला, तिच्यासाठीच आम्ही चाहते कार्पेंटरकडे पुन्हा पुन्हा जातो.

तुम्ही तो कशावर पाहिलात, हे मला विचारावंसं वाटतं. कार्पेंटर जवळपास सगळे चित्रपट रुंद पडद्यासाठीच चित्रित करतो. त्याची फ्रेम उंचीच्या सव्वादोन पटींहूनही जास्त रुंद असते, आणि माणूस बऱ्याचदा तिच्या एका बाजूला उभा असतो. उरलेल्या भागात रस्ता, कुंपण, अंधारलेलं दार. तिथे बहुतेक वेळा काहीच नसतं. पण एकदा तिथे कुणीतरी उभं दिसलं की पुढे प्रत्येक वेळी नजर तिथेच जाते. मोबाइलच्या पडद्यावर किंवा टीव्हीवर कडा कापून दाखवलेल्या प्रतीत ही रिकामी जागाच उरत नाही. मग एक मुलगी रस्त्याने चालते आहे एवढंच दिसतं आणि कंटाळा येणं साहजिक आहे.

शेवटाकडचा एक प्रसंग पुन्हा बघा. लॉरी (जेमी ली कर्टिस, तिचा हा पहिलाच चित्रपट) एका खोलीच्या दाराबाहेर भिंतीला टेकून रडते आहे. तिच्या शेजारी उघडं दार, आत मिट्ट काळोख. त्या काळोखात खुन्याचा पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. मुखवट्यावरचा बारीकसा उजेड छायाचित्रणकार डीन कंडीने अगदी सावकाश वाढवत नेला होता. कोणी उडी मारून पुढे येत नाही. तो चेहरा नेमका कधीपासून दिसायला लागला, हे मला आजही सांगता येत नाही.

हे सगळं सव्वातीन लाख डॉलरच्या आसपासच्या बजेटमध्ये, १९७८ च्या वसंतात कॅलिफोर्नियातल्या साउथ पासाडीना भागात चित्रित झालं. कथा मात्र इलिनॉयमधल्या ऑक्टोबरची. त्यामुळे रंगवलेली 'वाळकी' पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची. मुखवटा दुकानात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा. त्याला पांढरा रंग दिला आणि डोळ्यांची भोकं मोठी केली. इतक्या ओढाताणीतही रुंद फ्रेमचा हट्ट कार्पेंटरने सोडला नाही, यातच त्याचं सगळं आलं.

आणि संगीत. ते त्याने स्वतः केलं. वडील संगीताचे प्राध्यापक. पाच मात्रांचा ठेका त्यांनीच त्याला लहानपणी बाँगोवर शिकवला होता, आणि 'हॅलोवीन'ची धून त्याच पाचावर उभी आहे. चाराला सरावलेला कान समेची वाट बघतो आणि सम दर वेळी थोडी उशिरा येते. संगीत घालण्याआधी हा चित्रपट एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवला, तर त्यांना अजिबात भीती वाटली नाही, असं कार्पेंटरनेच सांगितलं आहे. तेव्हा संथ वाटणाऱ्या तुम्ही काही पहिल्या नाही. दिवे घालवून, चांगले हेडफोन लावून आणखी एक संधी द्या, एवढीच विनंती.

आता 'द थिंग'. अंटार्क्टिकावरचं अमेरिकन संशोधन केंद्र, बारा पुरुष, हिवाळा तोंडावर. सुरुवातीलाच बर्फावरून एक कुत्रा धावत येतो आणि हेलिकॉप्टरमधला एक नॉर्वेजियन माणूस त्याच्यावर गोळ्या झाडतो. अमेरिकन लोक साहजिकच कुत्र्याला आत घेतात. तो कुत्रा मग केंद्राच्या बोळातून एकटा चालत जातो, एका खोलीच्या दाराशी थांबतो, आत बघतो. भिंतीवर कुणा माणसाची सावली वळते. दृश्य संपतं. ती सावली कोणाची, यावर चाहते आजही वाद घालतात. आणि तो कुत्रा! भयपटांतल्या कितीतरी नटांपेक्षा मला त्याचं काम जास्त आवडतं.

त्या कुत्र्यातून जे आत आलं आहे ते परग्रहावरचं आहे आणि कोणत्याही सजीवाची हुबेहूब नक्कल करू शकतं. म्हणजे 'हॅलोवीन'मध्ये जी भीती फ्रेमच्या कडेला उभी होती, ती इथे मधोमध, टेबलाभोवती बसलेल्या माणसांत येऊन बसली आहे. रिकामी जागा शोधून उपयोग नाही. आता चेहरे शोधायचे. कार्पेंटरने आपल्याच पद्धतीला इथे उलटं केलं, म्हणून मी या चित्रपटाला त्याच्या सगळ्या कामात वरचं स्थान देतो.

रक्ताच्या चाचणीचा प्रसंग बघाल तेव्हा काय म्हणतोय ते कळेल. कर्ट रसेलचा मॅकरेडी सगळ्यांना बांधून बसवतो आणि एकेकाच्या रक्तात तापलेली तार बुडवतो. तर्क साधा आहे: त्या प्राण्याचा प्रत्येक तुकडा स्वतंत्र जीव असेल, तर त्याचं रक्तही स्वतःचा जीव वाचवायला धडपडेल. तार रक्तात जाते, चर्र आवाज येतो, काही होत नाही. पुढचा. पुन्हा चर्र. मॅकरेडी मध्येच बोलत राहतो, आपलं लक्ष बोलण्याकडे जातं, आणि... पुढचं सांगत नाही. पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. मी हा प्रसंग तोंडपाठ असूनही श्वास रोखून बघतो.

राक्षसाची कारागिरी रॉब बॉटिन या विशीतल्या मुलाची, कुत्र्यांच्या पिंजऱ्यातला प्राणी तेवढा स्टॅन विन्स्टनच्या चमूचा. रबर, वंगण, तारा, यंत्रं. संगणकाने काहीच बनवलेलं नाही, म्हणून ते ओलं, जड आणि किळसवाणं वाटतं. बॉटिन वर्षभर अखंड राबला आणि शेवटी थकव्याने त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं.

आणि याचं फळ काय मिळालं? चित्रपट २५ जून १९८२ ला लागला. दोनच आठवड्यांपूर्वी 'ई.टी.' आला होता आणि सगळी अमेरिका एका गोड परग्रहवासीयाच्या प्रेमात होती. त्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला. समीक्षकांनी 'द थिंग'ला घाणेरडा म्हणून झोडपलं, तिकीटबारीवर तो पडला, एन्निओ मोरिकोनेच्या संगीताला वर्षातल्या सर्वांत वाईट संगीताच्या रॅझी पुरस्कारासाठी नामांकन मिळालं, आणि स्टुडिओने कार्पेंटरच्या हातातला पुढचा चित्रपट काढून घेतला. हे वाचताना मला अजून वाईट वाटतं. चित्रपटाला वाचवलं व्हिडिओ कॅसेटने आणि टीव्हीने. लोकांनी घरी बसून तो पुन्हा पुन्हा पाहिला. आता दक्षिण ध्रुवावरच्या केंद्रात हिवाळा सुरू झाला आणि शेवटचं विमान गेलं की तिथली मंडळी मिळून हाच चित्रपट बघतात. त्याच मोरिकोनेचे इथे न वापरलेले काही तुकडे २०१५ च्या 'द हेटफुल एट'मध्ये आले, आणि त्या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळालं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'द फॉग' (१९८०) मला फार प्रिय आहे: किनाऱ्यावर शेकोटीभोवती एक म्हातारा मुलांना बुडालेल्या जहाजाची गोष्ट सांगतो, तिथून सुरुवात. कोकणात आजोळी रात्री अशाच गोष्टी ऐकलेल्यांना तो लगेच आपलासा वाटेल. 'दे लिव्ह' (१९८८) भयपट कमी आणि राजकीय संताप जास्त. काळा चष्मा घातला की जाहिरातींच्या फलकांवर 'आज्ञा पाळा', 'खरेदी करा' एवढंच दिसतं. चष्मा घालण्यावरून दोन मित्रांमध्ये होणारी मारामारी पाच मिनिटांहून जास्त चालते, आणि तिचं एकही मिनिट कमी करू नये. 'इन द माउथ ऑफ मॅडनेस'मध्ये सॅम नील एका बेपत्ता भयकथालेखकाला शोधत जातो. कार्पेंटरचा शेवटचा खरा थोर चित्रपट मी यालाच मानतो. २००१ चा 'घोस्ट्स ऑफ मार्स' मात्र नाही बघितलात तरी चालेल.

'प्रिन्स ऑफ डार्कनेस' (१९८७) चाहत्यांमध्येही उपेक्षित आहे. जुन्या चर्चच्या तळघरात हिरव्या द्रवाची नळकांडी, ती तपासायला आलेले भौतिकशास्त्राचे विद्यार्थी, आणि सगळ्यांना झोपेत पडणारं एकच स्वप्न, खराब व्हिडिओ चित्रणासारखं दिसणारं. गोष्ट काही ठिकाणी रेंगाळते, हे मान्य. पण त्या स्वप्नाइतकं माझ्या अंगावर काटा आणणारं दुसरं काही त्याने केलेलं नाही.

'द थिंग' शोधताना वर्ष नीट बघा. २०११ मध्ये त्याच नावाचा, त्या नॉर्वेजियन केंद्राची आधीची गोष्ट सांगणारा दुसऱ्या दिग्दर्शकाचा चित्रपट आला आहे. तोही बघायचा असेल तर नंतर बघा, नाहीतर कुत्रा कुठून आला हे आधीच कळेल आणि १९८२ च्या चित्रपटातली पहिली दहा मिनिटं वाया जातील.