मुख्य प्रशिक्षक गेले, तर सहायकाचे काय?

प्रश्न : माझा मुलगा कामठीच्या मैदानांवर गोलकीपर म्हणून घडला आणि आज नागपुरातील एका अनुदानित शाळेत कायम क्रीडाशिक्षक आहे. त्याच्याजवळ एएफसीचे, म्हणजे आशियाई फुटबॉल महासंघाचे, प्रशिक्षकाचे ‘सी’ लायसन्स आहे. त्याचे जुने प्रशिक्षक एका व्यावसायिक संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले असून त्यांनी त्याला गोलकीपर कोच म्हणून फोनवरच बोलावले आहे. पगार दीडपट, पण करार अकरा महिन्यांचा. ना जाहिरात, ना मुलाखत. अशी नोकरी टिकेल का?
— एक वाचक, कामठी

उत्तर : फोनवरची नेमणूक हा या क्षेत्रातला रिवाज आहे, त्यात फसवणूक असेलच असे नाही. मुख्य प्रशिक्षकाला संघबांधणीसाठी जेमतेम काही आठवडे मिळतात आणि निकाल बिघडले की पहिला बळी त्याचाच जातो, म्हणून आपली पद्धत आधीच जाणणारी माणसे त्याला भोवती हवी असतात. मात्र ज्या विश्वासामुळे ही नोकरी मिळते, त्याच विश्वासामुळे ती एका माणसाच्या नशिबाला बांधली जाते. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबमध्ये २०१३ साली डेव्हिड मोयेस मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, तेव्हा गोलकीपर प्रशिक्षक एरिक स्टील यांच्या जागी मोयेस यांच्या आधीच्या एव्हर्टन क्लबमधून ख्रिस वूड्स आले. पुढच्या एप्रिलमध्ये मोयेस यांना काढण्यात आले आणि त्या उन्हाळ्यात नवे मुख्य प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी फ्रान्स हूक यांना आणले. गोलमध्ये उभा राहणारा डेव्हिड डे हेआ तोच होता. त्याला सराव देणारे मात्र सव्वा वर्षात तिघे झाले. कामाचा दर्जा हा विषय अशा वेळी बहुधा निघतच नाही.

त्याच क्लबात सहायक प्रशिक्षक किएरन मॅकेना मात्र २०१८ च्या डिसेंबरमध्ये मुख्य प्रशिक्षक जोसे मोरिन्हो गेल्यावरही टिकले. ते युवा संघाकडून वर आले होते, मोरिन्हो यांच्यासोबत नव्हे, आणि माझ्या मते हाच फरक निर्णायक असतो.

म्हणून तुमच्या मुलाचा करार प्रशिक्षकांच्या शब्दावर नव्हे, तर क्लबच्या सहीशिक्क्यानिशी, त्याच्या स्वतःच्या नावाने हवा. मुख्य प्रशिक्षक बदलले तरी उरलेल्या महिन्यांचा पगार मिळेल, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असावे. ‘व्यवस्थापनाच्या इच्छेनुसार’ असे शब्द असले, तर नोटीस किती दिवसांची हे विचारून घ्यावे. भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅच यांना २०२४ च्या जूनमध्ये दूर केले गेले, तेव्हा त्यांचा करार २०२६ पर्यंत होता आणि अखेर भारतीय फुटबॉल महासंघाला चार लाख डॉलर देऊन तो वाद मिटवावा लागला. सहायकाच्या हाती एवढे बळ नसते, म्हणून त्याने कागद अधिक काळजीने वाचायला हवा.

कायम नोकरीचा राजीनामा आजच देऊ नये; आधी शाळेकडे बिनपगारी रजेचा अर्ज करावा आणि त्या काळात बाहेर पगारी काम करण्याची परवानगीही लेखी मागावी. वर्षभरात पुढच्या पातळीच्या ‘बी’ लायसन्ससाठी क्लब सुट्टी देईल का, हेही आताच ठरवून घ्यावे, कारण संघ सुटला तरी लायसन्स त्याचेच राहील. हे सारे क्लबला ईमेलने विचारा, आणि उत्तर फक्त फोनवर आले, तर शाळेची नोकरी सोडू देऊ नका.