नव्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतले शेवाळ आणि बोअरचे पाणी

वरूडकडच्या आपल्या गावी दोन महिन्यांपूर्वी लावलेल्या समुद्री माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत आधी तपकिरी थर आला, आता दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ वाढते आहे, पाणी घरच्या बोअरचे आहे, तर शेवाळ मारायचे औषध टाकावे काय, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की औषध टाकू नये. मेलेले शेवाळ टाकीतच कुजते आणि त्याने शोषलेले नत्र व फॉस्फेट पुन्हा पाण्यात उतरते. शिवाय औषधात तांबे असेल तर गोगलगायी आणि कोळंबी मरतात.

तपकिरी थराची काळजी करू नका. तो डायटम नावाच्या, सिलिकाचे कवच असलेल्या सूक्ष्म शेवाळाचा असतो, नव्या टाकीत बहुधा येतोच, आणि पाण्यातील सिलिका संपली की ओसरतो. अडचण अशी की आपल्या भागातले बोअरचे पाणी काळ्या बेसाल्ट खडकातून येते आणि त्यात सिलिका विरघळलेली असते, तर संत्र्याच्या बगीच्यांना आणि कपाशीला दिलेल्या युरियातील नत्र नायट्रेटच्या रूपाने झिरपून त्याच पाण्यात मिसळू शकते. उन्हाळ्यात टाकीतले पाणी झपाट्याने उडते, पण उडते ते केवळ पाणी. मीठ, सिलिका, नायट्रेट सारे मागे राहते. म्हणून तूट भरायला रोज बोअरचे पाणी ओतणे म्हणजे शेवाळाला रोज खत देणे होय.

गावच्या आरओ प्लांटचा जार पिण्यास उत्तम असला तरी त्यात चवीपुरते क्षार राखलेले असतात, त्यामुळे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र) लावल्यास आकडा बहुधा पन्नासच्या पुढे दिसतो. आपल्याला शून्य हवा. त्यासाठी घरच्या आरओच्या पुढे डीआय रेझिनचे, म्हणजे आरओतून सुटलेले क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांचे, कार्ट्रिज जोडावे, आणि आकडा शून्यावरून हलला की रेझिन लगेच बदलावे, कारण रेझिन थकू लागले की सर्वांत आधी सिलिकाच निसटते आणि ती मीटरवर धड दिसतही नाही. मीठ कालवायला आणि रोजची तूट भरायला, दोन्हींसाठी हेच पाणी वापरावे.

आहे ते शेवाळ हातानेच काढावे लागेल. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलताना काढलेले खारे पाणी बादलीत घ्या, दगड त्यात बुडवा, लांब धागे चिमटीत धरून मुळापासून उपटा आणि उरलेले कडक टूथब्रशने घासा. हे काम टाकीत करू नये. तुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर जाऊन दुसऱ्या दगडावर रुजतात. दिवा आठ तासांच्या वर नको, खिडकीचे ऊन टाकीवर पडू देऊ नये, आणि वीज गेलेली असताना माशांना खाणे घालू नये, कारण फॉस्फेट मुख्यतः खाण्यातूनच येते आणि पंप बंद असताना उरलेले खाणे दगडांच्या फटीत जाऊन बसते.

टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी त्यानंतर आणाव्यात. त्या आखूड शेवाळ आवडीने खातात, लांब केसांकडे फारशा वळत नाहीत, आणि तापलेले पाणी त्यांना सोसत नाही. पंख्याचा वारा पाण्यावर सोडला तर कोरड्या उन्हाळ्यात टाकी चांगली थंड होते. मात्र बंद खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होऊन हा उपाय निकामी ठरतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी.

नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नका, कारण तशा पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांची बुडबुडे धरलेली तपकिरी, शेंबडासारखी जाळी पसरते आणि ती हटवणे या शेवाळाहून कितीतरी कठीण असते. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान राहू द्यावे. शेवाळ दाट असताना चाचणीत कमी आलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नये. नायट्रेट व फॉस्फेट पाण्यातून आधीच शेवाळात गेलेले असते. बोअरच्या आणि जारच्या पाण्याचा टीडीएस मोजून कळवल्यास आपल्याला कोणते कार्ट्रिज पुरेल ते सांगता येईल.