रक्ताचे कपडे कागदात का बांधतात?

प्रश्न : मालिकांमध्ये पोलीस घटनास्थळावरची प्रत्येक वस्तू पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकतात. माझा पुतण्या नुकताच पोलीस दलात लागला. तो म्हणतो, रक्ताचे कपडे कागदातच बांधायचे. कागद तर फाटतो, भिजतो. प्लॅस्टिक जास्त सुरक्षित नाही का?

उत्तर : पुतण्याला बरोबर शिकवलं आहे. न्यायसहायक प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं अशी पुडकी उघडली. त्यातलं एक अजून डोळ्यांसमोर आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला शर्ट होता. पिशवीची गाठ सोडली आणि वासानंच कळलं की उशीर झालाय. शर्ट ओला असतानाच बांधला होता आणि कित्येक आठवडे तसाच पडून होता. आत काळी-हिरवी बुरशी पसरली होती. डाग कुठला आणि बुरशी कुठली, ओळखू येत नव्हतं. आम्ही चार ठिकाणचे तुकडे कापून तपासले. डीएनएचा उपयोगी पडेल असा अंश हाती लागला नाही. ज्याचं रक्त होतं त्याच्या घरच्यांना हे कळवण्याची वेळ कुणावर तरी आली असेल, हा विचार पुढे बरेच दिवस सुटला नाही.

कारण साधं आहे. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, ओलीत जिवाणू वाढतात आणि त्यांची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, डीएनएचे तुकडे करतात. तेच रक्त नीट वाळलेलं असेल तर कित्येक वर्षांनीही बोलतं. म्हणून कपडा आधी सावलीत, स्वच्छ कागदावर वाळवायचा. उन्हात नाही, गरम हवेच्या झोतात तर मुळीच नाही. खालचा कागदही घडी घालून सोबत पाठवायचा, कारण वाळताना कपड्यावरून केस, धागे, मातीचे कण गळतात. घडी घालताना मध्ये कागद ठेवायचा, नाहीतर बाहीवरचा डाग छातीवर उमटतो. मग रक्त आधी कुठे लागलं होतं, हे आम्हाला सांगता येत नाही. प्रत्येक कपडा वेगळा बांधायचा. संशयिताचे आणि जखमी माणसाचे कपडे तर एकाच टेबलावरही ठेवू नयेत.

अर्थात कागद सगळ्याला चालत नाही. जाळपोळीच्या जागेवरची राख आणि कोळसा कागदात बांधला, तर पेट्रोलची वाफ वाटेतच उडून जाते. त्यासाठी हवाबंद पत्र्याचा डबा हवा, आणि तोही काठोकाठ भरायचा नाही. त्या मोकळ्या जागेत साठलेली वाफच आम्ही तपासतो. केस किंवा रंगाचा पापुद्रा असेल तर कागदाची पुडी करून ती पाकिटात घालावी आणि पाकिटाचे कोपरे टेपनं बंद करावेत. अख्खा पुरावा पाकिटाच्या कोपऱ्यातून गळून गेलेला मी पाहिला आहे. दोरी कापायची वेळ आली तर गाठ सोडून दुसरीकडे कापावी, कारण गाठ मारायची पद्धत हीसुद्धा साक्ष असते. आणि स्टेपलरच्या पिना मारू नका, असं पुतण्याला माझ्यातर्फे जरूर सांगा. त्या पुडकं उघडणाऱ्याच्या बोटात जातात, आणि समोर रक्ताचा नमुना असतो.

अजून एक गोष्ट, जी सर्रास राहून जाते. भिंतीवरचा डाग स्वॅबवर, म्हणजे टोकाला कापूस असलेल्या काडीवर घेतला की शेजारच्या स्वच्छ भिंतीचाही वेगळा स्वॅब घ्यावा आणि एक न वापरलेला, कोरा स्वॅबही पाठवावा. फ्रान्समधल्या लिऑनमध्ये १९१० साली पोटमाळ्यावरच्या दोन खोल्यांत प्रयोगशाळा सुरू करणारे एडमंड लोकार यांचं सांगणं होतं, की संपर्क आला की देवाणघेवाण होतेच. गुन्हेगाराइतकंच हे पुरावा गोळा करणाऱ्यालाही लागू आहे, आणि त्याच्या हातातल्या साहित्यालासुद्धा. २००७ साली जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे मिळालेला एका अनोळखी बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे ४० ठिकाणीही सापडत होता. पोलीस तिला शोधत राहिले. २००९ मध्ये उलगडलं, की तो डीएनए स्वॅबच्या पॅकिंगचं काम करणाऱ्या एका महिलेचा होता. स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक म्हणजे डीएनएमुक्त नव्हे.

प्रश्न : घरफोडी झाल्याचं लक्षात आल्यावर पोलीस येईपर्यंत आम्ही काय करावं?

उत्तर : कुणी जखमी असेल तर आधी त्याला मदत करा, पुरावा मोडला तरी चालेल. तसं नसेल तर आल्या वाटेनं बाहेर पडा आणि कशाकशाला हात लावला ते आठवून लिहून ठेवा. बेसिन, संडास वापरू नका. चोरानं तिथे हात धुतले असू शकतात. आणि कृपा करून केर काढू नका. फरशीवरचे धुळीतले बुटाचे ठसे वरच्या दिव्यात दिसतच नाहीत. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवी धरली की ते उठून दिसतात. मग मोजपट्टी ठेवून, कॅमेरा बरोबर वर सरळ धरून त्यांचे फोटो घेतात. पोलीस घरच्यांच्याही बोटांचे ठसे मागतील. त्यात संशय घेण्यासारखं काही नसतं. घरातले ठसे वगळल्यावर जे उरतात तेच कामाचे.

प्रश्न : घासून धुतलेलं रक्त खरंच चमकतं का?

उत्तर : हो. ल्युमिनॉल नावाचं रसायन फवारलं की रक्तातल्या लोहामुळे अंधारात काही सेकंद निळसर उजेड दिसतो. पण ब्लीच आणि तांब्याचे क्षारही तसेच चमकतात. म्हणून मी ती चमक 'इथे बघा' एवढीच मानते. रक्त आहे की नाही हे पुढच्या तपासणीत ठरतं. फवारा सढळ हातानं मारला तर डाग पाण्याबरोबर ओघळतो, आणि मग तपासायला काहीच शिल्लक राहत नाही.