चेरोकींचं ‘स्थलांतर’? नव्हे, तडीपारी

प्रश्न : अमेरिकेतल्या चेरोकी लोकांना १८३८ मध्ये त्यांच्या मुलखातून काढून मिसिसिपी नदीपलीकडे नेलं. त्याबद्दल एका लेखात ‘चेरोकींचे स्थलांतर’ असं वाचलं, दुसऱ्यात ‘चेरोकी परागंदा झाले’ असं. बरोबर काय? आणि ‘चेरोकी’ या नावाचा अर्थ काय?

उत्तर : दोन्ही चूक.

‘स्थलांतर’ तर मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता डोळ्यांत खुपतं. स्थलांतर पक्षी करतात, नोकरीसाठी पुण्याला बिऱ्हाड हलवणारं कुटुंब करतं. या शब्दात कर्ता एकच, जाणारा. घालवणाऱ्याला वाक्यात जागाच नाही. मागे ‘सक्तीचे’ चिकटवलं तरी सक्ती कोणाची ते गुलदस्त्यातच राहतं.

शिवाय हा शब्द आपण नकळत कोणाकडून उचललाय ते पाहा. अमेरिकन सरकारच्या कागदपत्रांत या प्रकरणाला ‘एमिग्रेशन’ म्हणत. माणसं घरातून धरून आणून जिथे कोंडली, त्या तळांचं सरकारी नाव ‘एमिग्रेशन डेपो’. आणि १८३८ च्याच जून महिन्यात छावणीतून लिहिणारा इव्हान जोन्स हा मिशनरी काय म्हणतो? चेरोकी जवळजवळ सगळे कैदी आहेत, त्यांना घरांतून ओढून काढलंय. सुमारे सात हजार सैनिक घेऊन जनरल विनफिल्ड स्कॉट आला होता, तो काय सामान हलवायला मदत करणार होता? आपण ‘स्थलांतर’ लिहितो तेव्हा जोन्सचा ‘कैदी’ खोडून डेपोवरची पाटी उतरवून घेतो.

‘परागंदा’ची चूक वेगळी. पुष्कळांना यातलं ‘परा’ संस्कृत उपसर्गासारखं वाटतं. तसं नाही. शब्द फारसीतला, तिथे ‘परागंदा’ म्हणजे विखुरलेला, पांगलेला. मराठीत तो कर्जामुळे, गुन्ह्यामुळे, भाऊबंदकीमुळे तोंड लपवून निघून गेलेल्या माणसाला लागला. चेरोकींना यातलं काहीच लागू नाही. ते पळाले नाहीत. १८२७ मध्ये त्यांची लिखित राज्यघटना होती. सिक्वोया नावाच्या चेरोकीने स्वतःच्या डोक्याने रचलेल्या लिपीत १८२८ पासून त्यांचं वर्तमानपत्र निघत होतं. जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकी मुलखात चालत नाहीत, हा निकाल १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. १८३५ मध्ये न्यू इकोटाला, त्यांच्या राजधानीत, मूठभर चेरोकींनी जमीन सोडण्याच्या तहावर सह्या केल्या, तेव्हा मुख्य प्रमुख जॉन रॉसने विरोधात पंधरा हजारांहून जास्त नावांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला. सिनेटने तरीही तो तह मंजूर केला, लागणारं बहुमत जेमतेम गाठून, एका मताने.

आणि विखुरले म्हणावं तर तेही नाही. १८३९ मध्ये, आपसांत खून पडत असतानाच, आधीपासून पश्चिमेला राहणारे आणि नव्याने आणलेले चेरोकी एकत्र आले, नवी घटना केली, टॅलेक्वा ही राजधानी ठरवली. १८४४ मध्ये पुन्हा दोन भाषांत वर्तमानपत्र, १८५१ मध्ये मुलांसाठी आणि मुलींसाठी दोन मोठ्या शाळा. पांगलेली माणसं हे करत नाहीत. (पूर्वेला नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत काही राहिले, त्यांचे वंशज आजही तिथे आहेत.)

मग शब्द कोणता? तडीपार.

‘तडी’ म्हणजे काठ, नदीचा. संस्कृत ‘तट’, प्राकृत ‘तड’, त्याची ही तडी. भीमथडी, पैलथडी यांतली ‘थडी’ही माझ्या मते याच घरची. तडीपार म्हणजे अक्षरशः काठापलीकडे घालवलेला. माझी अशीही समजूत आहे की गावाची, परगण्याची हद्द पुष्कळदा नदीच असे, म्हणून नको असलेल्या माणसाला नावेत बसवून पैलतीरावर सोडणं हीच मूळची हद्दपारी असणार. ‘हद्दपार’ कागदावरची रेघ ओलांडतो, ‘तडीपार’ पाणी ओलांडतो. आता १८३० च्या त्या अमेरिकन कायद्याचं पूर्ण नाव वाचा. इंडियनांशी जमिनींची अदलाबदल करणे आणि त्यांना ‘मिसिसिपी नदीच्या पश्चिमेस’ हलवणे, यासाठीचा कायदा. नदी खुद्द कायद्याच्या नावात आहे! तडीपारीचा इतका नेमका दाखला मला दुसरा सापडलेला नाही.

मी हे पूर्वी एकदा मांडलं तेव्हा कोशकार्यात मुरलेल्या एका गृहस्थांनी सुनावलं, की तडीपार हा पोलिसी शब्द आहे, गुंडांसाठीचा, आणि तो पीडितांना लावणं असभ्य आहे. मला हे अजिबात मान्य नाही. शब्द करणाऱ्याची कृती सांगतो, सोसणाऱ्याचं चारित्र्य नव्हे. ‘तडीपार केलं’ म्हटलं की ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि तोच तर हवाय. त्यांचा आक्षेप खरा ठरतो तो एकाच जागी, तोही त्यांनी काढला नाही : आपल्याकडची पोलिसी तडीपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, नंतर माणूस घरी येतो. इथे परतीची तारीख नव्हती. तेवढ्यापुरता ‘कायमची’ हा शब्द जोडा.

आणि ती तडी प्रत्यक्षात कशी होती? उन्हाळ्यात छावण्यांत माणसं मरू लागल्यावर चेरोकींनी प्रवासाचा कारभार स्वतःकडे मागून घेतला. शरद ऋतूत तेरा तुकड्या निघाल्या. हिवाळ्यात त्यांतल्या बहुतेक इलिनॉयच्या दक्षिणेला मिसिसिपीच्या काठाशी पोचल्या, तर पात्रात बर्फाचे तुकडे वाहत होते आणि होड्या घालता येत नव्हत्या. गाड्या, बैल, आजारी म्हातारी माणसं, सगळी थंडीत वाट पाहत राहिली. जेसी बुशीहेड या चेरोकी म्होरक्याची तुकडी पलीकडे पोचल्यावर, ३ जानेवारी १८३९ रोजी, त्याला मुलगी झाली. नाव ठेवलं एलायझा मिसूरी. पुढे ती शिक्षिका झाली, टॅलेक्वात तिने हॉटेल चालवलं. या सगळ्या हालअपेष्टांत मेलेल्यांचा अंदाज बहुतेक ठिकाणी चार हजारांच्या आसपास दिलेला असतो. त्याच वाटेवर चेरोकींच्या मालकीचे काळे गुलामही चालले. १८३५ च्या गणतीत ते १,५९२ होते. त्यांच्या वाट्याला जे आलं त्याला तडीपारी हा शब्दही अपुराच.

या वाटेला इंग्रजीत ‘ट्रेल ऑफ टिअर्स’ म्हणतात, त्याचं ‘अश्रूंची पायवाट’ हे भाषांतरही मला खटकतं. चेरोकीत या वाटेला ‘नुनोही दुनात्लोहिलुई’ म्हणतात. त्यात अश्रू हे नाम नाही, रडण्याचं क्रियापद आहे : ते जिथे रडले ती वाट. ‘पायवाट’ म्हटलं की शेताच्या बांधावरची, गवतातली रेघ डोळ्यांपुढे येते. ‘रडले ती वाट’ म्हणा, मराठीत छान बसतं.

नावाचा प्रश्न राहिलाच. ते स्वतःला ‘आनियंविया’ म्हणतात, म्हणजे खरी, मुख्य माणसं. ‘चेरोकी’ बहुधा शेजारच्या मस्कोगींच्या भाषेतून आला, ‘वेगळी बोली बोलणारे’ या अर्थाने. आजच्या चेरोकीत ‘र’ नाहीच, ते ‘त्सालागी’ म्हणतात. ‘र’ असलेलं रूप आलं ते सखल भागातल्या गावांच्या बोलीतून, आणि ती बोली आता कोणी बोलत नाही.