आठपैकी पाच लाख भरा, तीन राहू द्या

परभणीच्या एका शिक्षिका ताईंनी विचारले आहे: गृहकर्जाचे २० लाख रुपये बाकी आहेत, व्याजदर फ्लोटिंग (म्हणजे वेळोवेळी बदलणारा), सध्या ८.५ टक्के, मुदत १५ वर्षे, हप्ता १९,६९५ रुपये. बचत आठ लाखांची. पाच लाख राष्ट्रीयीकृत बँकेत ६.५ टक्क्यांच्या मुदत ठेवींत, तीन लाख पतसंस्थेत ९ टक्क्यांनी. सगळे कर्जात भरून मोकळे व्हावे का?

ताई, कर्ज लवकर फेडण्याचा विचार योग्यच आहे. तुम्ही नवी करप्रणाली निवडली असल्यामुळे राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही, त्यामुळे ८.५ टक्क्यांचा पूर्ण भार तुमच्यावर पडतो आणि बँकेतली ठेव त्याहून दोन टक्के कमी देते. तरीही सगळे आठ लाख भरू नका. सासऱ्यांची चार एकर कोरडवाहू जमीन तुमच्याच पगारावर पेरली जाते, असे तुम्ही लिहिले आहे. जूनमध्ये पाऊस लांबला आणि सोयाबीनची दुबार पेरणी करावी लागली, तर बियाण्या-खतासाठी सावकाराकडून शेकडा दोन रुपयांनी पैसे उचलावे लागतात. शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला २४ टक्के. साडेआठ टक्के वाचवायला गाठ रिकामी करून तुम्ही त्या दारात जाऊ नये, ही माझी खरी काळजी आहे.

म्हणून पाच लाख भरा, आणि त्यातले तीन पतसंस्थेतले असू द्या. तिथले व्याज कर्जापेक्षा जास्त आहे, हिशेबाने ते काढणे चुकीचे वाटेल. परंतु पाच लाखांपर्यंतचे ठेव विमा संरक्षण बँकांतील ठेवींना असते, पतसंस्थांतील ठेवींना नसते, आणि अर्ध्या टक्क्यासाठी मुद्दल जोखमीत ठेवणे मला पटत नाही. पावतीची मुदत संपताच रक्कम काढून घ्या. उरलेले दोन लाख बँकेच्या ठेवीतून द्या.

वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीवर बँकांनी दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितले आहे. अर्जात मात्र एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा: “हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.” पाच लाख आज एकरकमी भरले आणि दर हाच राहिला, तर १८० हप्त्यांचे सुमारे ११० होतात आणि व्याज साधारण ८ लाख ८० हजारांनी घटते, हप्ता कमी करून घेतला, तर तीच घट ३ लाख ८६ हजारांच्या आसपास राहते. हा सगळा निव्वळ फायदा धरू नका, कारण ते पैसे ठेवीत राहिले असते तर त्यांनाही व्याज मिळालेच असते. पैसे भरल्यावर परतफेडीचे नवे वेळापत्रक शिक्क्यानिशी मागून घ्या.

राहिलेले तीन लाख म्हणजे हप्ता आणि घरखर्च धरून तुमचे सहा महिने. त्यांच्या एकेक लाखाच्या तीन पावत्या करा, म्हणजे पेरणीला गरज पडली तर एकच मोडावी लागेल.