गंगापूर धरणावर चिलापीसाठी गांडूळ लावावं की कृत्रिम आमिष?

नवख्याने गांडूळच लावावं. चिलापी मुख्यतः शेवाळ आणि तळातला गाळ खाते, पळत्या आमिषामागे फारशी धावत नाही. १० किंवा १२ नंबरचा गळ घ्या. अख्खं गांडूळ लोंबत ठेवलं की मासा टोक कुरतडून पसार होतो आणि गळ रिकामा येतो. म्हणून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरचा तुकडा, गळाचं टोक किंचित उघडं. पावसाळ्यात पाणी गढूळ असताना वासावरच मासा येतो, तेव्हा दुसरा विचारच नको.

पाणी नितळलं की १-२ ग्रॅमचा छोटा जिग (शिशाचं डोकं असलेलं कृत्रिम आमिष) जरूर वापरून पाहा, पण अगदी सावकाश ओढा. घरटं राखणारा नर भुकेपेक्षा रागाने त्यावर तुटून पडतो. असा नर मात्र लगेच सोडून द्या.