पोरगी बरी झाली, आता तिला टीबीच्याच कामाला जायचंय

गेल्या आठवड्यात एक आई भेटायला आली. मुलगी २३ वर्षांची. फुप्फुसाचा टीबी झाला होता, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण होऊन आता वर्ष झालंय. "मॅडम, पोरगी यातून बाहेर आली तेव्हा मी नवस फेडला. आणि आता म्हणते, टीबी चॅम्पियन व्हायचंय, पेशंटच्या घरी जायचंय. परत लागण झाली तर? चार लोकांना कळलं तर लग्न कसं जमायचं? तुम्हीच समजावा तिला."

टीबी चॅम्पियन म्हणजे टीबीतून बरं होऊन इतर पेशंटना धीर देणारी व्यक्ती. समजावा म्हणजे थांबवा, हे मला कळलं. टीबीच्या रुग्णांचं समुपदेशन करताना हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. कधी आई विचारते, कधी नवरा. म्हणून मुंबईतल्या मानखुर्दच्या एका मुलीबद्दल सांगते. तिला विचारून सांगतेय आणि तिची ओळख पटेल असं काही इथे ठेवलेलं नाही.

तिला १९व्या वर्षी एमडीआर टीबी निघाला, म्हणजे टीबीच्या नेहमीच्या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा. आता एमडीआरच्या बऱ्याच रुग्णांना सहा महिन्यांचा नवा उपचार देता येतो. तिच्या वेळी दीड वर्षाचा होता: रोज मूठभर गोळ्या, अधूनमधून ईसीजी, लिनेझोलिड नावाच्या औषधामुळे पायाला मुंग्या. हे सगळं तिनं सोसलं. सोसवला नाही तो रंग. क्लोफाझिमिन नावाच्या गोळीनं कातडी काळवंडते. ती गोरीपान होती, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चेहरा ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, औषध बंद झालं की हळूहळू उतरेल. ते खरंच होतं, पण तिनं कॉलेज सोडलं, आरशावर ओढणी टाकली आणि काही दिवस गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या. आईला सापडल्या तेव्हा घरात जे रडणं झालं, त्यानंतर ती माझ्याकडे येऊ लागली.

कोर्स संपला, थुंकीचा रिपोर्ट स्वच्छ आला. काही दिवसांनी ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, मला पण पेशंटशी बोलायचं काम करता येईल का?"

मी हरखले. सरकारच्या क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात बरे झालेले रुग्ण प्रशिक्षण घेऊन टीबी चॅम्पियन होतात. मी लगेच तिचं नाव दिलं. ती स्वतः बरी झाली आहे का, हे रिपोर्टवरून पाहिलं. मनानं कुठवर आली आहे, हे विचारलं नाही. ही चूक माझी होती आणि आज त्या आईला उत्तर देताना तीच आठवते.

काम मात्र तिनं असं केलं की आम्हाला शिकायला मिळालं. आम्ही घरी जाऊन विचारायचो, "गोळ्या घेतल्या ना?" पेशंट म्हणायचे, "हो." ती विचारायची, "आज किती वेळा उलटी झाली?" मग पेशंट बोलू लागायचे आणि बोलता बोलता न घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट बाहेर यायचं. कुठे लपवतात हे तिला माहीतच होतं. एका नव्या लग्न झालेल्या मुलीचा चेहरा काळवंडला, सासू माहेरी धाडायला निघाली होती. हिनं मोबाइलमधला आपला उपचारातला फोटो सासूच्या हातात दिला आणि म्हणाली, "ही मी. आता माझ्याकडे बघा." मी त्या सासूपुढे तासभर बोलले असते तरी एवढं झालं नसतं.

बँकेचं खातं आधारशी जोडलेलं नसल्यानं टीबी रुग्णांना सरकारकडून मिळणारे पोषण आहाराचे पैसे अडकलेल्या बायकांना ती स्वतः बँकेत घेऊन जायची. तेव्हा महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. ज्या घरात एकटा कमावणारा आजारी आहे तिथे अंडी-डाळ यावरच चालते, म्हणून तिच्या लेखी ही धावपळ गोळीइतकीच महत्त्वाची होती.

कामाच्या पाचव्या महिन्यात तिच्याकडे २० वर्षांचा एक मुलगा आला. एमडीआरच. निदान उशिरा झालेलं, वजन उतरलेलं. ती एक दिवसाआड जायची, त्याच्याशी क्रिकेटवर बोलायची. तो गेला.

दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन बंद. चार दिवसांनी तिच्या आईचा मला फोन आला: "मॅडम, रात्री उठून बसते. छाती चोळते. जरा ठसका लागला तरी म्हणते, परत झालाय मला." आम्ही थुंकी तपासली, एक्स-रे काढला. दोन्ही स्वच्छ. रिपोर्ट हातात दिला तरी झोप आली नाही.

तिसऱ्या भेटीत ती म्हणाली, "तो माझ्याच गोळ्या खात होता. मग मी कशी वाचले?"

याला उत्तर नव्हतं आणि मी ते शोधून दिलं नाही. आम्ही बराच वेळ तशाच बसून राहिलो. मग दीड वर्षाचं साचलेलं बाहेर आलं. आई रडेल म्हणून ती एकदाही आईसमोर रडली नव्हती. आपण मरणार असं तिला कितीतरी रात्री वाटलं होतं, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या मुलाच्या जाण्यानं तीच भीती वर आली. मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. काही आठवडे औषध लागलं. त्यात कमीपणा काहीच नव्हता.

परतायचं की नाही, हे मी तिच्यावर सोडलं. तिनं परतायचं ठरवलं, पण आम्ही कामाची घडी बदलली. पहिले दोन महिने घरभेटी नाहीत, फक्त दवाखान्यात रांगेतल्या नव्या पेशंटशी बोलायचं. नंतर घरभेट दोघींनी मिळून करायची. शनिवारी माझ्याकडे यायचं आणि आठवडाभरात जे मनात अडकलं असेल ते इथे ठेवून जायचं. पेशंट गेला तर दोन दिवस कुठल्याही घरी जायचं नाही. आता मी प्रत्येक नव्या चॅम्पियनसाठी हेच करते आणि कोर्स संपून वर्ष झाल्याशिवाय घरभेटीला पाठवत नाही. हा सरकारी नियम नाही, माझा आहे.

आता त्या आईच्या प्रश्नांकडे येते.

ताई, लागण पुन्हा होऊ शकते. एकदा टीबी झालेल्या माणसाला इतरांपेक्षा धोका जरा जास्तच असतो, हे लपवून मी तुम्हाला धीर देणार नाही. पण नीट औषध सुरू झालेल्या पेशंटकडून संसर्गाची शक्यता लवकर कमी होत जाते. जास्त धोका असतो तो निदानच न झालेल्या खोकणाऱ्या माणसाचा, आणि तो तुमच्या मुलीला लोकलच्या डब्यातही भेटतो. कामावर ती निदान एन-९५ मास्क लावून असेल, पेशंटशी कोंदट खोलीत न बोलता गॅलरीत किंवा दाराबाहेर बोलेल. कोर्स संपल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी करायची असते, ती चुकवू नका. वजन घटलं, संध्याकाळी ताप आला, दोन आठवडे खोकला राहिला तर वाट पाहायची नाही.

लोकांना कळण्याबद्दल. टीबी चॅम्पियन झालं म्हणजे गल्लीत बोर्ड लावावा लागत नाही. मानखुर्दची मुलगी पहिलं वर्षभर आपल्या वस्तीत काम करत नव्हती, शेजारच्या भागात जायची. कार्यक्रमात फोटो काढू द्यायचा की नाही, हेही तिनंच ठरवायचं. पाहुणे येतात, बरी झालेली मुलगी मधे उभी करून फोटो काढतात आणि निघून जातात, याचा मला फार राग येतो. तुमच्या मुलीला नको असेल तर तिनं सरळ नाही म्हणावं, मी तिच्या बाजूला उभी असेन. लग्नाचं म्हणाल तर टीबी आनुवंशिक नाही आणि बरी झालेली मुलगी संसार करू शकते, मुलंबाळंही होतात. गावभर सांगू नका, पण ज्या घरी ती जाणार त्यांच्यापासून लपवूही नका, असं मला वाटतं. मानखुर्दच्या मुलीकडे दोन स्थळं आली आणि गेली. तिसऱ्या घरातल्या काकूंनी विचारलं, "गोळ्या पूर्ण केल्यास ना?" त्यांच्या दिराला टीबी होऊन गेला होता. बोलणी अजून चालू आहेत.

मानधन फारसं नाही आणि कधी कधी उशिरा येतं, तेव्हा शिक्षण सोडून हे काम धरू देऊ नका. आठवड्यातले दोन-तीन दिवस पुरेत.

येत्या शनिवारी मुलीला घेऊन या. निक्षयचा आयडी (सरकारी नोंदणीतला टीबी रुग्णाचा क्रमांक) आणि शेवटचा एक्स-रे बरोबर असू द्या. सुरुवातीला मी तिच्याशी एकटीशी बोलेन आणि तिला हे काम का करायचंय हे विचारण्याआधी असं विचारीन, की आजारपणात सगळ्यात वाईट रात्र कुठली होती आणि ती कुणाला सांगितली होती. तुम्ही तोवर बाहेरच्या बाकावर बसा. मानखुर्दची मुलगी त्या वेळी तिथेच असते, तिला वाटलं तर तुमच्याशी बोलेल.